इनामगाव फाट्यावरचे आज्ञाधारक ट्रक

चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही, या अटीवर सांगते.

जर्मनीत शिकताना मला वाटायचं, विजेच्या मालट्रकांसाठी चार्जिंग स्टेशन उभारताना सगळ्यात अवघड काम म्हणजे घाईतल्या ड्रायव्हरला थांबवणं. आणि शिरूर-दौंड रस्त्यावर इनामगाव फाट्याला बघते तर काय? ट्रक आपणहून थांबत होते!

टपरीशेजारी पांढरी जीप लावून, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट आणि हातात टॅब घेऊन मी पाहणीला उभी राहिले होते. बघता बघता फाट्याच्या अलीकडे ऊस, खडी, सिमेंट अशी रांग लागली. पलीकडे दौंडकडून येणाऱ्यांची दुसरी. ड्रायव्हर उतरले, झाडाखाली आडवे झाले.

मला भरून आलं हो! लगेच पुण्याला साहेबांना फोन.

"सर, जागा सापडली!"

"नक्की? गुंतवणूकदारांना एकच जागा दाखवायचीय. फसली तर योजना दुसऱ्या जिल्ह्यात जाईल."

"सर, दुपारपासून एक ट्रक हललेला नाही."

"मग उद्या त्यांना घेऊनच येतो."

खात्री करावी म्हणून एका ड्रायव्हरला विचारलं, "इथं किती वेळ थांबता?"

तो हात जोडून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तवर, मॅडम. कागदं दाखवू का?"

"नको, नको. विश्वास आहे माझा!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी टॅबवर टिपलं : चालकांचा प्रतिसाद अभूतपूर्व.

ऊन उतरेना, म्हणून शेवटी जॅकेट काढून जीपमध्ये टाकलं आणि टपरीत जाऊन बसले. तर एकदम सगळी इंजिनं सुरू! माझा चहा यायच्या आत रस्ता मोकळा.

"मामा, हे काय झालं?" मी टपरीवाल्यांना विचारलं.

"काय न्हाई. आरटीओ गेलं, म्हणून निघाले."

"आरटीओ? कुठं होते? मला तर दिसले नाहीत."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग जीपकडे. मग जीपमधल्या जॅकेटकडे.

"तुम्हीच की वो! समद्या गाड्या ओव्हरलोड. हिकडं शिरूर आन् तिकडं दौंडपातूर फोन गेल्यात."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"कसं सांगू? एवढा चहा जत्रंला बी खपत न्हाई. उद्या येणार न्हवं? म्हंजी दूध जास्तीचं सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाम निर्णय घेतला. साहेबांना आणि पाहुण्यांना सगळं खरं सांगायचं. तेही त्याच फाट्यावर, रस्त्याच्या कडेला उभं राहून.

आता रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, म्हणजे सुरक्षितता आली.

म्हणून जॅकेट घातलं.