मुका मार

फोन आला तेव्हा मी वालाच्या डाळिंब्या सोलत होते. भिसेगावात आमच्या आळीत फोन एकच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. दुकानदार गल्ला सोडून स्वतः दारात आला. "मुंबईहून फोन होता... मालतीताई गेल्या," तो म्हणाला. आमचे हे पायरीवर मटकन बसले, मग उठून सदरा चढवला आणि स्टेशनकडे निघाले. सख्खी बहीण त्यांची. मी मात्र आत जाऊन उरलेल्या डाळिंब्या सोलून संपवल्या. वन्सं शनिवारी येणार होत्या, बिरडं त्यांच्यासाठीच होतं, आणि मोड आलेले वाल टाकून कसे द्यायचे, एवढं एकच डोक्यात होतं. रडू आलं नाही. पुढे पंधरा दिवस लोक येत होते, माझ्या गळ्यात पडून रडत होते, आणि मी त्यांना पाणी देत होते. "वहिनी भारी धीराच्या," असं कुणी तरी ह्यांना म्हणालंही.

मालती माझी नणंद. वयाने माझ्याहून लहान, मानाने मोठी, म्हणून मी त्यांना वन्सं म्हणायची आणि त्या मला खुशाल अगं-तुगं करायच्या. मुंबईच्या एका इस्पितळात त्या मानसशास्त्राचं काम करत आणि दर शनिवारी आमच्याकडे येत. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा स्वभाव का बदलतो, तो अचानक उदास किंवा तापट का होतो, आणि दारूचा त्याच्याशी काय संबंध, हा त्यांचा अभ्यास. आळीत एवढंच ठाऊक होतं की या वेड्यांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी लग्न केलं नाही. मी विषय काढला की म्हणायच्या, "माणसांचे स्वभाव बघायचा मला पगार मिळतो, वहिनी. फुकट कशाला बघू?"

मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकांचे अपघात पाचवीलाच पुजलेले. त्यातून वाचलेली, टाके घालून घरी आलेली माणसं आमच्याच तालुक्यांत आहेत, तर त्यांना घरी जाऊन भेटायचं असं वन्संनी ठरवलं. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे रविवारी आणि सुट्टीला त्यांच्याबरोबर मी. एकट्या बाईला कुणी दारात उभं करत नव्हतं. कारण साधं होतं, आणीबाणीच्या त्या दिवसांत कागद घेतलेली बाई दिसली की ती नसबंदीचीच, असा लोकांचा पक्का समज होता. एका वाडीत तर आम्हाला बघून बाप्ये मागच्या दाराने शेतात पळाले. मी गावच्या बोलीत दोन शब्द बोलले, कुणाची सून, कुठली शाळा ते सांगितलं, की मग घोंगडी अंथरली जायची.

माझ्या लग्नातलं हळदीकुंकवाचं तबक वन्संनी या कामासाठी लाटलं होतं. त्यात पाच वस्तू असत... काडेपेटी, चावी, बटण, घुंगरू आणि सुपारी. त्या दाखवायच्या, वर रुमाल टाकायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि मग खाली काय काय होतं ते विचारायचं. मार लागलेल्या माणसाला कुठे अडतं ते त्यावरून कळे. यातली सुपारी सारखी नाहीशी व्हायची. मी पेशंटांवर संशय घ्यायची, आणि एकाने खरंच परीक्षा चालू असताना ती उचलून तोंडात टाकली होती. पण नंतर कळलं, बाकीच्या सगळ्या वन्संच खात होत्या. व्यसनांवर अभ्यास करणारी ही बाई सुपारीच्या खांडाशिवाय एक पान लिहू शकत नसे. मी टोकलं की म्हणायच्या, "मी आतून अभ्यास करतेय."

लोधिवलीचा नारायण आम्हाला भेटला तो असाच एका रविवारी. भातशेती करणारा, तिशीतला गडी. सायकलवरून जाताना ट्रकचा धक्का बसला आणि डोकं दगडावर आपटलं. टाके पडले, जखम भरली, तो पुन्हा शेतावर जायला लागला. आम्ही गेलो तेव्हा तो ओसरीवर बसला होता. तबकातलं घुंगरू वाजवून तो खो खो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. वन्संनी छापील कागदावरचा प्रश्न त्याच्या बायकोला, चांगुणाला, विचारला. "अपघाताचा यांच्या डोक्यावर काही परिणाम झाला का?"

चांगुणा ताडकन उठली. "डोक्यावर परिनाम? कोन बोललं तुमाला? काय येडा नाय झाला तो. पितो, म्हनून असा वागतो. लिवा, दारू पितो म्हनून."

वन्संनी तसं लिहून घेतलं. आधीच्या चार-पाच घरांतही हेच उत्तर आलं होतं, त्यामुळे त्या खुशीत होत्या. मार निमित्त, खरा दोष दारूचा, असं काही तरी सिद्ध होत चाललंय असं त्यांना वाटत होतं. खालापूरच्या दवाखान्यातलं काम उरकून आम्ही एसटी स्टँडवर आलो. वन्संनी चहा सांगितला. तो आला, आम्ही प्यायलो, आणि त्यांनी पुन्हा दोन चहा सांगितले. गाडी लागायची वेळ झालेली. मी वैतागून म्हणाले, "वन्सं, डोक्यावर परिणाम झालाय का तुमच्या? आत्ता तर प्यायलो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी... आपण इतके दिवस लोकांच्या घरी जाऊन हेच विचारत होतो की गं."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. मुंबईच्या ऑफिसात कुणी तरी इंग्रजी कागदाचं शब्दाला शब्द मराठी करून दिलं होतं, आणि आम्ही दोघी मराठी बोलणाऱ्या बायका ते घेऊन दारोदार माणसांना 'तुमचा माणूस वेडा झाला का' म्हणून विचारत हिंडत होतो. कोण हो म्हणणार? त्या दिवशी आमची गाडी चुकली.

पुढच्या रविवारी आम्ही कागद न घेता गेलो. चांगुणा बांधावर एकटी होती. वन्सं तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं, चांगुणा. मी भलतंच विचारलं." मग चांगुणा बोलायला लागली. अपघाताच्या आधी नारायण दारूच्या वाटेलासुद्धा गेला नव्हता. आता थोडी घेतली तरी पेटतो, बैलाला मारतो, मयताच्या घरी हसतो. पण तिची नणंद हौसा, नारायणची धाकटी बहीण, तिची सुपारी फुटलेली. "दारुड्याची बहीन करून घेत्यात, बाई," ती म्हणाली. "येड्याच्या बहिनीला कोन दारात उभी करंल? म्हनून मीच समद्यांना सांगितलं, पितो म्हनून. आता थोरलं दीर म्हनतात, लगीन झालं का ह्या दारुड्याला शेतावरच्या खोपटात टाकू, घरात नगो. मीच माज्या नवऱ्याला दारुडा केला आन् मीच आता घराबाहीर काढतेय."

त्या आठवड्यात वन्सं मुंबईला गेल्या नाहीत. जेवताना घास हातात तसाच राहायचा. खरं सांगावं तर हौसाचं लग्न मोडतं, गप्प बसावं तर नारायण खोपटात एकटा पडतो आणि तिथे दारू पिऊन मरतो. "मला या माणसाला काय झालंय ते पक्कं ठाऊक आहे," त्या मला म्हणाल्या, "आणि ते सांगायला माझ्याकडे शब्द नाही." नणंदेसाठी नवऱ्याला बदनाम करणारी ती चांगुणा माझ्याही डोक्यातून जात नव्हती. मी वन्संसाठी एवढं केलं असतं का, असं मनात आलं, आणि मी ते बोलून दाखवलं नाही.

शब्द नारायणनेच दिला. आम्ही पुन्हा गेलो, तबक काढलं, चार वस्तू त्याने सांगितल्या, पाचवी काही केल्या आठवेना. तो चिडला, डोकं धरून बसला. "दुखतं का रे?" वन्संनी विचारलं.

"वरनं बरं झालंय," तो म्हणाला. "आत मुका मार हाय."

वन्संनी माझा हात घट्ट धरला. मग उठून तशाच अंगणात गेल्या. तिथे नारायणचे थोरले भाऊ आणि हौसाच्या सासरकडचे एक वयस्क काका लग्नाचं बोलत बसले होते. मी तबक तसंच टाकून त्यांच्यामागे धावले. वन्सं त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "नारायणच्या डोक्याला मुका मार आहे. वरून जखम भरली, आतला मार भरायचा आहे. त्यावर दारू पडली की तो उसळतो. दारू बंद, जागरण बंद, आणि त्याच्यावर कुणी ओरडायचं नाही. घरातच ठेवा, जपा."

ते काका पुढे सरसावले. "मुका मार लई वंगाळ," ते म्हणाले. "आमच्या चुलत्याला बैलानं पाडला व्हता. कमरंचा मुका मार, थंडी पडली का अजून वरडतो. दिसत नाय ना, म्हनून लोकांना खोटं वाटतं." मग थोरल्या भावाकडे वळून म्हणाले, "आन् तुमी त्याला दारुड्या म्हनता व्हय रं?"

लग्न झालं. मंगलाष्टकं चालू असताना नारायण हमसून हमसून रडायला लागला, आणि लोक म्हणाले, बघा, बहिणीवर किती जीव. वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, "चला, आज एक तरी लक्षण खपून गेलं." नारायण पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. शिमग्यात तो दोनदा पिऊन पडला, नको तिथे आजही मोठ्याने हसतो. पण घरात राहिला, शेत करतो, आणि चांगुणा त्याला दारुडा म्हणत नाही. मुंबईला वन्संच्या वरिष्ठांनी हरकत घेतली, म्हणे मेंदूच्या इजेला मुका मार म्हणणं शास्त्राला धरून नाही. वन्संनी इंग्रजी निबंधात तो शब्द मराठीतच ठेवला. नंतरच्या कागदांवर 'डोक्यावर परिणाम' कधी छापला गेला नाही. घरोघरी त्या एवढंच विचारायच्या, "वरून बरं झालं, आत काही मुका मार राहिलाय का?" आणि लोक बोलायचे... तासन् तास बोलायचे.

गेल्या रविवारी नारायण आणि चांगुणा आमच्याकडे आले. त्यांना उशिराच कळलं. मी त्यांना वन्संच्या खोलीत बसवलं. मी अगदी नीट बोलत होते, आजार काय झाला, कोण कोण आलं होतं, दिवस कसे व्यवस्थित पार पडले. चांगुणा माझ्याकडे टक लावून बघत होती. तेवढ्यात नारायणला टेबलावरचं तबक दिसलं. "ह्ये बग, ह्ये बग," करत तो मोठ्याने हसला आणि रुमालाला हात घातला.

"हळू बोला वो," चांगुणा त्याला म्हणाली. "वहिनींना मुका मार लागलाय."

हसणं ज्याला आवरत नाही तो माणूस हळूच रुमाल उचलून कुजबुजत एकेक वस्तू सांगायला लागला. काडेपेटी... चावी... बटन... घुंगरू. मग थांबला, तबकात पुन्हा पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पाचवं कुटं हाय?"

"सुपारी," मी म्हणाले. "ती वन्संनी खाल्ली."

आणि मग मला रडू आलं.