डब्ब्याची पांढरी पाच

१ मे. सुटी. सकाळी सातलाच ऊन चटके देत होतं. वारा नाही, ढग नाही.

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. एखादी गोष्ट आपल्याला नीट येत नसावी आणि तरी ती सोडवत नसावी, एवढं पुरतं. मग ते आपोआप साचतात. माझ्याकडे ते बेस गिटारमुळे साचले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून मी ती शिकायला घेतली. भातकुलीच्या कार्यालयात पावसाची नोंद ठेवणं हे माझं काम, त्यामुळे जे होईल ते मोजून डायरीत लिहायची खोड आहे. गेल्या वर्षाची डायरी काढली तर पाऊस तेहतीस पानं निघाला आणि गिटार एक्काहत्तर.

अमरावतीत दर रविवारी आम्ही तिघं जमतो. गावंडे की-बोर्ड वाजवतो. त्याचं बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या माडीवर आमची प्रॅक्टिस चालते. इंगोले मॅडम गातात. त्या अकोल्याच्या एका शाळेत शिक्षिका, एकतीस वर्षं रोजचं अपडाऊन. तिसरा मी.

*

गिटार स्वस्तातली घेतली, पण दांडी सरळ होती आणि चारही तारा सुरात लागत होत्या. पैसे तिथेच संपले, म्हणून अॅम्प्लिफायरऐवजी घरचा होम थिएटर वापरू म्हटलं. सगळ्यात जाड तारेला बोट लावलं. खिडकीची काच थरथरली, स्पीकरमधून पापड मोडल्यासारखा आवाज आला, आणि मग काहीच आला नाही. बायकोने मालिका मोबाईलवर पाहायला सुरुवात केली. 

मग अकोल्याच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो आणि साध्या गिटारसाठी मिळतो तो दहा वॅटचा छोटा अॅम्प मागितला. दुकानदार म्हातारे होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, बकरीच्या दाव्यानं म्हैस बांधता काय?"

बेसचा आवाज खालचा असतो, त्याला मोठा स्पीकर लागतो. निदान दहा इंची, चाळीस वॅट, आणि तोही बेससाठीच बनवलेला, असं त्यांनी समजावलं. वर हेही सांगितलं, की दुकानातली भारी गिटार लावून अॅम्प ऐकायचा नाही. स्वतःची आणायची, तीच लावायची.

पुढच्या आठवड्यात गिटार घेऊन परत गेलो. तीन अॅम्प दीड तास ऐकले, तिघांचे गुण-दोष कागदावर लिहिले.  शेवटी दुकानदार म्हणाले, "तीन डब्बे झाले, गाणं एकच. तुमाले दुसरं येत नाई काय?"

नाही, म्हणालो. मधला डब्बा घेतला.

*

दुकानात गप्प असलेला डब्बा गावंडेच्या माडीवर आल्यावर घुमायला लागला. घूंऽऽ असा अखंड आवाज. साउंडवाले त्याला हमिंग म्हणतात. मी शून्य ते दहा अशी पट्टी ठरवली आणि त्या दिवशी आठ लिहिले.

गावंडेला त्याचं काही वाटलं नाही. खाली शेजारी मिक्सर दुरुस्तीवाला, वर डब्बा, त्याला सारखंच. मॅडमनी मात्र दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं. की-बोर्डवर एक पट्टी दाबली आणि म्हणाल्या, "पांढरी पाच. थोडी चढेल आहे."

मॅडम काळी चारमध्ये गातात, म्हणजे अगदी शेजारच्या पट्टीत. दोन्ही एकदम वाजले की दातात वाळू आल्यासारखं होतं.

गावंडेने उपाय सुचवला. मॅडमनी पांढरी पाचमध्ये गावं, डब्ब्याचा तानपुरा होईल.

"एवढी वर्षं माणसाच्या सुरात गायली," मॅडम म्हणाल्या, "आता जाता जाता डब्ब्याले सूर मिळवू काय?"

जाता जाता म्हणजे खरंच. तीस एप्रिलला त्या निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना एक गाणं फक्त आपला आवाज आणि बेस, एवढ्यावर म्हणायचं होतं. असं कोणी माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा मागत होतं. पण गाणं इतकं हळू होतं, की मागे घूं चाललं असतं तर तेच ऐकू आलं असतं. गावंडेने सरळ सांगून टाकलं, की तोवर हमिंग गेलं तर माझा बेस, नाही तर त्या गाण्याला की-बोर्ड. मी तारीख डायरीत लिहिली.

*

पहिल्यांदा इलेक्ट्रिशियन रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी डब्ब्याची वायर हातात घेतली, प्लग उलटासुलटा केला आणि विचारलं, की ही जाडी तिसरी पिन कोणी कापली.

मी पंख्याकडे पाहिलं. गावंडे म्हणाला, "साहेबांनीच. पट्टीनं मोजून."

खरं होतं. माडीवरचा बोर्ड जुना, दोन भोकांचा. तिसरी पिन त्यात जात नव्हती, म्हणून मी कानशीने घासून काढली होती. त्या दिवशीच्या डायरीत ओळ आहे: 'प्लग चपखल बसला. समाधान.'

रफिकभाई रागावले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, वो पिन अर्थिंगची. आवाज त जातेच, पन माणूस बी वाचते. जूता पायात नाई गेला त बोट कापता काय?"

नवा बोर्ड आला, नवा प्लग आला. हमिंग पाच.

*

नंतर माझ्याच लक्षात आलं, की गिटार घेऊन मी गोल फिरलो की हमिंग कमीजास्त होतं. अर्धा रविवार त्यात घालवला. दर पंधरा अंशांवर थांबून नोंद केली. सगळ्यात कमी, म्हणजे तीन, ईशान्येला निघालं. ईशान्येला गावंडेचं लोखंडी कपाट आहे. त्यामुळे पुढचे तीन रविवार मी दोघांकडे पाठ करून कपाटाला बेस ऐकवला.

गावंडेची आई चहा घेऊन आली. मला तसा उभा पाहून तिने मुलाला बजावलं, "हे पाय, ईशान्येकडे तोंड करून वाजवते माणूस. तू खुर्चीवर पाय घेऊन बसते."

त्या घरात माझी एवढीच काय ती प्रतिष्ठा आहे.

*

तिनावरून खाली येण्यासाठी गिटारच्या पोटात, वायरी असतात त्या खाचेला, आतून तांब्याची चिकटपट्टी लावावी लागते, असं व्हिडिओत होतं. तांब्याची पट्टी यायला आठ दिवस लागणार होते. स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद होता.

रविवारी पहाटे उठून काम केलं. कोपरे ब्लेडने कापले, सुरकुती राहू दिली नाही. झाकण लावलं, स्क्रू आवळले, माडीवरून घरी आणून ठेवलेला डब्बा चालू केला. पूर्ण शांतता. आवाज पुरता वाढवला. शांतता. डायरीत तारखेसह लिहिलं: 'हमिंग शून्य.' खाली दोन रेघा मारल्या आणि बायकोला उठवलं.

ती पलंगावर बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता वाजवा."

वाजवलं. त्याचाही आवाज शून्य होता. कागद आतल्या तारेला टेकला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या डब्यात पोळ्या वर्तमानपत्रात आल्या.

आठ दिवसांनी तांब्याची पट्टी नीट लावली, तार मोकळी ठेवली. हमिंग एक. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. गाणं माझं झालं.

*

काल कार्यक्रम. अकोला, शाळेचा हॉल, दुपारी चार. साडेतीनला डब्बा लावला. हमिंग सात.

मी दिशा बदलल्या, वायर बदलली, बोर्ड बदलला. सातच. गावंडे की-बोर्ड पुढे सरकवायला लागला. मॅडम निरोपाच्या रेशमी साडीत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुमी सांगा. होते का नाई?"

अर्थिंगचा खड्डा पाहून सांगतो, म्हणालो.

खड्डा हॉलमागे होता. झाकण काढलं तर आत काळी माती इतकी फाटलेली, की भेगेत चार बोटं गेली. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकावं लागतं, कोरड्या मातीत अर्थिंग चालत नाही. शिपाई म्हणाला, ते काम आधीच्या शिपायाचं होतं. आणि आज नळ येणार नव्हता, परवा येणार होता. पाणी कुठे आहे विचारलं, तर पाहुण्यांसाठी लावलेल्या चार मोठ्या कूलरमध्ये.

मॅडमनी कूलर बंद करायला सांगितले. मुख्याध्यापक धावत आले. बाहेर चव्वेचाळीस आहे, साहेब लोक येऊन बसले आहेत, पाहुणे उठून जातील, असं ते परोपरीने सांगत होते.

मॅडमनी पदर खोचला आणि बादली उचलली. "सर, ह्या हॉलमध्ये मी एकतीस वर्षं परीक्षा घेतल्या. तवा कूलर नव्हते, अन एकही पोरगं उठून गेलं नाई. ज्याले जायचं त्याले जाऊ द्या."

शिपाई, गावंडे, मी आणि मॅडम. चौदा बादल्या. कूलर बंद, खड्डा भरलेला. चार वाजून बावीस मिनिटांनी डब्बा पुन्हा चालू केला.

हमिंग शून्य. गाणं चार मिनिटं दहा सेकंद. हॉलमध्ये माणसं सुरुवातीला एकशे बारा, शेवटी एकशे तेरा. शिपाई बादली घेऊन दारात उभा राहिला होता. माझ्या चुका दोन, दोन्ही माणसं मोजताना.