जुडग्यात नसलेली किल्ली

दुसऱ्याच्या रिकाम्या घरावर आमच्या सरपंचांइतका जीव लावणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. आमचे म्हणजे पिशोरच्या पलीकडच्या ज्या लहानशा गावात मी ग्रामसेवक म्हणून नोकरीची शेवटची वर्षं काढली, तिथले. त्यांचं पद जाऊन बराच काळ लोटला, तरी मी त्यांना सरपंचच म्हणतो. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा एक जुडगा लटकलेला असतो. कुणी वाळूजला कंपनीत जातं, कुणी ऊसतोडीला जातं; जाताना घराला कुलूप लावायचं आणि किल्ली सरपंचांकडे द्यायची, असा गावाचा रिवाजच पडून गेला आहे. तीसेक किल्ल्यांच्या वजनानं त्यांचा पायजमा एका बाजूला ओढला जातो आणि तो सावरता सावरता ते स्वतःही जरा तिरके चालतात. गल्लीच्या टोकाला आवाज आला की नवख्या माणसाला वाटावं, घुंगरमाळ घातलेला बैलच येतो आहे.

दुसरा कुणी असता तर किल्ल्या खुंटीला अडकवून मोकळा झाला असता. सरपंच रोज तीन-चार घरं उघडतात, केर काढतात, खिडक्या सताड उघड्या करतात, चूल असेल तर पेटवतात आणि तिच्यावर चहा करून उंबऱ्यावर बसून पितात. चहा-साखर त्यांच्या खिशातल्या पुडीत असते. "धूर नाय निघाला की घर मुकं व्हतं, भाऊसाहेब," असं ते मला सांगत. दिवाळीला माणसं गावी परतली की बायका दोन दिवस चहाची गाळणी शोधत फिरायच्या, कारण सरपंचांनी ती आपल्या सोयीच्या जागी ठेवलेली असायची. एकदा ते आत असताना वाऱ्यानं दार आपटलं आणि बाहेरची कडी बसली. अख्खी दुपार ते आत बसून राहिले. मी कडी काढली तेव्हा शांतपणे म्हणाले, "तीस किल्ल्या हायत, आन आतून एकबी कामाची नाय."

भिंत वाजवून पाहण्याची त्यांची दुसरी खोड. कुणाच्याही घरी गेले की आधी बोटाच्या पेरानं भिंत ठोकायची, कान लावायचा, मग बसायचं. शहरात, छावणी भागात मी घर बांधलं तेव्हा ते पहिल्यांदा आले. बायको पाणी घेऊन आली, तर हे भिंतीला कान लावून उभे. "वहिनी, इथं पोकळ हाय." बायको आठवडाभर त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. दोन महिन्यांनी नेमकं तिथलंच प्लास्टर खाली आलं, तेव्हापासून ती त्यांना मानानं दोन वेळा चहा देते.

हा नुसता विक्षिप्तपणा नव्हता, हे कळायला मला उशीर लागला. कन्नडला एकदा तालुक्यातल्या सगळ्या सरपंचांची बैठक होती. जो तो उठून आपल्या गावाला जास्त घरकुलं मागत होता. आमचे उठले आणि म्हणाले, "साहेब, घरं द्या, पर त्याच्याबरूबर कुलपं नका देऊ." सगळे हसले. सरपंच हसले नाहीत. "आमच्याकडं घरकुल व्हतं, माणूस वरीसभर ऱ्हातो, आन मंग कामासाठी निघून जातो. आमची अद्रक मातीसकट शहरात जाते, धुऊन तिथं इकतेत. ती गावातच धुवायची सोय करा. बायांना काम लागंल, पोरं ऱ्हातील. मंग घरं द्या." साहेबांनी सूचना चांगली असल्याचं सांगून पुढच्या सरपंचांना उठवलं. अद्रक धुण्याच्या त्या केंद्राचा नकाशा सरपंचांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढला होता. तीन हौद, एक शेड, बायांना बसायला सावली. तो त्यांनी गावात सगळ्यांना दाखवला. ज्याची पत्रिका होती त्या नवरदेवालाही मांडवात दाखवला.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो. पासष्टी ओलांडली, आणखी थांबण्यात अर्थ नाही.

घरकुलाच्या यादीसाठी प्रत्येकाचा त्याच्या कच्च्या घरासमोर फोटो काढायचा होता. सरपंच मला रोज बजावत, "मागं पत्रा दिसला पायजे, भाऊसाहेब. पत्रा दिसला तरच घर." गयामावशीचं पत्र्याचं खोपट बुद्धविहाराला लागून होतं. म्हातारी विधवा बाई. फोटो आहे म्हणून तिनं ठेवणीतली निळी साडी नेसली, केस चापून बसवले आणि विहाराच्या नव्यानं रंगवलेल्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. खोपटासमोर कुणी फोटो काढतं का? "भाऊसायब, हितं चांगलं दिसन का?" तिनं विचारलं. ऊन मी म्हणत होतं. विहाराच्या बाजूला सावली होती आणि मला पिशोरहून चारची गाडी धरायची होती. मी म्हणालो, "लई चांगलं," आणि बटण दाबलं.

वरून शेरा आला: पक्के घर आढळले. नाव गेलं.

ग्रामसभेत मावशी रडली नाही. तिनं सरपंचांकडे बोट केलं. "नळ माझ्या दारात घ्या म्हनून भांडले मी ह्यांच्याशी. त्याचा राग काढला ह्या मानसानं." लोकांनी माना हलवल्या. सरपंचांनी तो फोटो पाहिला होता, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात पाहिलं. मग ते म्हणाले, "चूक माझीच हाय. तिथं फोटो काढा म्हून मीच भाऊसाहेबांना सांगितलं व्हतं."

सभा संपल्यावर कार्यालयात मी काहीतरी पुटपुटलो. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "निवृत्तीला दोन वरसं ऱ्हायली तुमची. चौकशी लागली तर पेन्शन अडकंल. मला कुठं निवृत्ती हाय?" पुढची निवडणूक ते हरले. गावानं मतं काढून घेतली, किल्ल्या मात्र राहू दिल्या. अद्रकीचं केंद्र त्या लग्नपत्रिकेच्या पाठीवरच राहिलं. तेव्हा मी एका घराचंच नुकसान केलं असं म्हणता येत नाही.

त्यानंतर दरवर्षी गयामावशीचा अर्ज कन्नडला जायचा. लिहायचो मी, घेऊन जायचे सरपंच, तेही तिला न सांगता. शेवटी नाव लागलं. नव्या ग्रामसेवकानं फोटो काढला तेव्हा सरपंच रस्त्यापलीकडे उकिडवे बसून पत्रा दिसतो की नाही ते बघत होते.

गेल्या महिन्यात तिची घरभरणी झाली. बुद्धवंदना झाली, खीर वाटली. मावशीनं माझे हात धरले. "भाऊसायब, तुमी व्हते म्हनून घर पाह्यलं. नायतर एकानं तर मला उघड्यावरच ठिवलं व्हतं." तो एक दारातच उभा होता. त्याच्या खिरीची वाटी तिनं न बघता ओट्यावर ठेवली. सरपंचांनी बसून वाटी चाटून पुसून संपवली, जाताना भिंत ठोकली आणि मला हळूच म्हणाले, "भरीव हाय."

पिशोरच्या स्टँडवर मी त्यांना म्हणालो की मी तिला खरं सांगणार. ते चिडले. "आता कामून? तिला माझ्यावर रागवायची सवय झालीय. ह्या वयात नवा माणूस कुठून हुडकंल ती?" मग बराच वेळ जुडगा चाळवत बसले. म्हणाले, "म्हातारी लेकीकडं जाते देवगावला, म्हयना-म्हयना. किल्ली पदराला बांधून नेते. नवं घर हाय. बंद ऱ्हाऊ नाय एवढं."

हे छापून आलं तरी गयामावशीला वाचता येत नाही, आणि गावात पेपर वाचून दाखवतात ते सरपंच, त्यांच्याशी ती बोलत नाही. म्हणून मीच जाणार आहे. विहाराच्या सावलीत न बसता तिच्या दारात, उन्हात उभा राहून वाचीन. ती मला काय म्हणेल ते म्हणो. पुढच्या वेळी लेकीकडे जाताना पदराची गाठ सोडायची की नाही, ते तिनं ठरवायचं.