एक हात राहिलेला पाया

मुरुडपासून तीन मैलांवर, लातूरच्या रस्त्याला लागून, मिशनचं हायस्कूल होतं. आता तिथं बाभळी आहेत. तीन कोपऱ्यांचा पाया अजून जमिनीत आहे. चौथा, उगवतीकडचा, भीमा सोनकांबळेनं स्वतः उकरून काढला. तो खोदलाही त्यानंच होता.

भीमा इस्लापूरचा. बहात्तरच्या दुष्काळात तिकडं झाडपाल्यावर दिवस काढायची वेळ आली, तेव्हा बायको आणि तीन वर्षांची पोरगी घेऊन तो मुदखेडपर्यंत रेल्वेनं आला आणि पुढं मिळेल त्या वाहनानं, मिळालं नाही तिथं पायी. बायकोचं, सरजाबाईचं, माहेर मुरुडजवळ. तिच्या भावानं निरोप धाडला होता, की मिशनवाले शाळा बांधून राहिलेत, खोदणारा माणूस पाहिजे.

खोदणं भीमाला येत होतं. पण इस्लापूरचं खोदणं वेगळं. तिकडं वीत-दोन वीत माती, खाली दगड. गुडघाभर गेलं की पहार खणकन् वाजते आणि माणूस हात थांबवतो. तिकडचा खोदणारा कानानं काम करतो. मुरुडची जमीन काळी, खोल, कापसाची. तिथं कान चालत नाही, डोळा लागतो. हे भीमाला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

काम काढलं होतं फादर रुमाव यांनी. वसईकडचे, उंच, पायात टायरच्या चपला. मजुरीला परदेशी लाल मिलो ज्वारी आणि तेल, दुपारी पोरांना सुकडी. गवंडी होता वीरण्णा, उदगीरचा, तोंडाचा तिखट. पाया मुरमावरच बसवायचा; तीन कोपऱ्यांत चार हातांवर पिवळा मुरूम लागला. वीरण्णानं प्रत्येक खड्ड्यात उतरून तो चिमटीत घेऊन बघितला.

चौथा कोपरा भीमाकडं होता. चार हात झाले आणि मुरूम दिसेना. खाली काळंच. पण पहार मारली की वाजायची. तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. खालपर्यंत वाळून माती विटेसारखी झाली होती. भीमानं एक ढेकूळ उचललं, दोन्ही हातांनी दाबलं. फुटलं नाही. मुरूम आहे का माती हे ओलं केल्यावर कळतं. थुंकी लावून अंगठ्यानं चोळायचं. माती असेल तर चिकटते. भीमानं ढेकूळ तोंडाशी नेलं. तोंडात थुंकी नव्हती.

"ए इस्लापूरकर," वरून वीरण्णा ओरडला, "पहार हाय का टाळ? सकाळधरनं नुस्ता वाजवून राहिलास!"

फादर काठावर आले. "भीमा, कठीण लागलं का?"

"वाजतंय तर झकास, फादर," वीरण्णा म्हणाला. "शाळंला घंटा घ्यायची गरज न्हाई."

त्या दिवशी वीरण्णा खाली उतरला नाही. त्याच्या गुडघ्याला सूज होती. फादरही उतरले नाहीत.

भीमानं होकार दिला, "हाव."

दुपारी त्या खड्ड्यात दगड पडले.

आणखी एक हात खोदायला त्या जमिनीत एका माणसाला अडीच दिवस लागले असते. भीमाच्या अंगात अर्ध्या दिवसाचंही बळ उरलं नव्हतं. हे खरं. पण 'उद्या बघून सांगतो' एवढं बोलायला बळ लागत नाही, हेही खरं. माती म्हणून ओळखली नाही, की ओळखून सोडली, याचा निवाडा भीमाला जन्मभर करता आला नाही.

शाळा उभी राहिली. दगडी भिंती, वर कौलं, पुढं लांब ओसरी, दाराच्या वर लाकडी क्रूस. पाऊस आल्यावर मजूर पांगले. फादरनी भीमाला शिपाई म्हणून ठेवून घेतलं. सरजाबाईनं तेव्हा एकच गोष्ट मागितली.

"फादर, पगार तुमी द्याल त्यो. पर ही पोरगी हितं धाव्वीपर्यंत शिकली पाहिजे."

"शिकेल," फादर म्हणाले. "हायस्कूल कशासाठी बांधलं?"

गावात काही जण भीमाला म्हणायचे, "काय रे, बाटलास का?" पोरगी शाळेत घातली त्या दिवशी रजिस्टरात काय लिहिलंय ते त्यानं मास्तरकडून मोठ्यानं वाचून घेतलं. पंचशीला भीमा सोनकांबळे, बौद्ध. तेवढं ऐकलं आणि झाडू हातात घेतला.

झाडण्याची त्याची रीत होती. ओसरी दोनदा, आधी कोरडी मग ओली. फळा रोज पुसायचा आणि शनिवारी कोळशाची पूड लावून काळा करायचा. बाक ओढत न्यायचा नाही, उचलायचा. ओढला की फरशीला रेघ पडते. बारा वर्षं वापरलेल्या फरशीवर एक रेघ नव्हती. पोरं त्याला भीमामामा म्हणायची.

तिसऱ्या पावसाळ्यात उगवतीकडच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी एक बारीक चीर पडली. केसाएवढी. भीमानं ती बघितली. कोपरा त्याचाच होता. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर ठेवलेला कोपरा दरसाल उचलायचा आणि दरसाल बसायचा. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं चीर खरवडली, चुना भरला, वरून घोटून सारखी केली. दुसऱ्या वर्षी पुन्हा. नऊ दिवाळ्या त्यानं ते काम केलं, आणि इतकं नीट केलं की कुणाच्या नजरेला आलं नाही. त्याच्या हातचं सगळ्यात बारकाईचं काम तेच.

सरजाबाईला मात्र दिसलं. "दरसाली त्याच जागी चुना कामून लावता वं?"

"ओल येती."

"दुसऱ्या खोलीत न्हाई येत ती?"

भीमा थापी धुवायला निघून गेला.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. पोरांनी लाडू खाल्ले, भीमानं झेंड्याची दोरी नवी बसवली. उस्मानाबादेतले जुने कागद लातूरला आले आणि कागदांमागून माणसं आली. मोठ्या शाळा लातुरात निघाल्या. मुरुडची पोरं सकाळच्या एसटीनं तिकडं जायला लागली. मिशनच्या हायस्कुलात साडेतीनशे होती ती दोनशेवर आली.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात इमारत तपासायला इंजिनियर आला. तरुण, अबोल. त्यानं भीमाच्या चुन्यावर नखानं टकटक केलं, खिशातल्या चाकूनं तो पाडला, आणि आत बोट घातलं. बोट पेरभर गेलं.

"हे कुणी भरलं?"

"मी."

"हात चांगला आहे," तो म्हणाला, आणि पेटीतून बोटभर रुंदीच्या तीन काचा काढल्या. चिरेवर आडव्या ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली, प्रत्येकीवर लाल रंगानं तारीख टाकली. मग फादरकडं वळून म्हणाला, "काच ताणली जात नाही, फुटते. पावसाळाभर शाबूत राहिली तर डागडुजी करा आणि वापरा. फुटली, तर भिंत चालते आहे. मग इथं पोरं बसवायची नाहीत."

जूनपासून त्या खोलीत नववी बसायची होती. पंचशीला नववीत गेली होती. एकच वर्ष मध्ये, मग दहावी.

त्या पावसाळ्यात भीमा रोज घंटेच्या आधी उगवतीकडच्या खोलीत जाऊन काचा बघायचा. पोरांनी ते हेरलं.

"भीमामामा काचंची पूजा करून राहिले रे!"

"नारळ आणू का, मामा?"

पंचशीला तेवढी हसायची नाही. बाप वर का बघतो ते तिला कळत नव्हतं, पण त्याचा चेहरा तिला ओळखू यायचा.

श्रावणातल्या एका रविवारी, शाळा बंद असताना, मधली काच फुटलेली दिसली. सरळ, सुताएवढी रेघ. भीमा स्टुलावर चढला. मग खिशातून कापडात गुंडाळलेली काच काढली. फुटक्या तसबिरीची. महिन्यापूर्वीच त्यानं ती मापात कापून ठेवली होती. जुनी काच छिन्नीनं सोडवली, नवी बसवली, सिमेंटवर थोडी धूळ चोळून ते जुनं केलं. मे महिन्याची तारीख लाल रंगात लिहिली. आकडे त्याला येत नव्हते. शेजारच्या काचेवरचे बघून, ओळख नसलेल्या माणसाचा चेहरा काढावा तसे काढले. फरक कुणाला कळला नसता.

सोमवारी नववीचा तास सुरू झाल्यावर तो ओसरीवरून जात होता. दारातून आत बघितलं. पंचशीला खिडकीजवळच्या बाकावर, मान खाली घालून लिहीत होती. वरून चुन्याची भुकटी तिच्या वहीवर पडली. तिनं फुंकली. लिहायला लागली. पुन्हा पडली. पुन्हा फुंकली. वर बघायची तिला गरज वाटली नाही; भिंतीचा पाया बापानं खोदलेला होता, हे ती मैत्रिणींना नेहमी सांगायची.

भीमा तास चालू असताना वर्गात शिरला. अकरा वर्षांत असं एकदाही केलं नव्हतं.

"भायेर निघा," तो म्हणाला. "समदे. दप्तरं ऱ्हाऊ द्या."

"बाबा, काय झालं?"

"भायेर निघ म्हटलं ना!"

मग तो फादरच्या खोलीत गेला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"फादर, काच फुटली. कालच फुटली. मी दुसरी बसवली." मग त्यानं पुढचं सांगितलं. "त्या कोपऱ्याला मुरूम लागला नव्हता. मी हाव म्हणालो. हातभर तरी ऱ्हायलं असंल."

फादरनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. "अकरा वर्षं का नाही बोललास?"

"दरसाली वाटायचं, औंदा बोलावं."

"मी वरूनच विचारलं," फादर हळू म्हणाले. "खाली उतरलो नाही."

तेवढ्यानं भीमाचं ओझं कमी झालं नाही. उलट, फादरनी रागावायला पाहिजे होतं असं त्याला वाटलं.

नववी ओसरीवर बसली. इंजिनियरला कळवलं. त्यानं येऊन उरलेले कोपरे बघितले, आणि एका बाजूचा पाया चालतो आहे म्हटल्यावर सगळ्या इमारतीवर 'धोकादायक' असा शेरा मारला. डागडुजीला लागणारा पैसा लातुरात नव्या शाळेला घालावा, असं मिशनच्या वरिष्ठांकडून पत्र आलं. एप्रिल पंच्याऐंशीत हायस्कूल बंद झालं. शेवटच्या दिवशी भीमानं ओसरी दोनदा झाडली, आधी कोरडी मग ओली, आणि कुलूप लावलं.

त्या संध्याकाळी पंचशीला त्याला म्हणाली, "एक वर्ष गप बसला असता तर माझी दहावी झाली असती."

सरजाबाई चुलीपासून म्हणाली, "पंची, तोंड आवर."

"काय खोटं बोलले? पोरं दुसऱ्या खोलीत बसली असती. कुणाला कळलं असतं?"

दुसऱ्या खोलीचा विचार त्याला त्या सोमवारी सुचलाच नव्हता. त्याला फक्त वही दिसली होती.

तिला नांदेडला मावशीकडं धाडलं. नवी शाळा, ऐंशी पोरांचा वर्ग. गणितात नऊ मार्कांनी गेली. दुसऱ्यांदा बसलीच नाही. मावशीच्या गल्लीत ब्लाउज शिवायला लागली. घरी पत्र यायचं ते आईच्या नावानं. शेवटी एक ओळ असायची, बाबांना जयभीम. पोस्टमन वाचून दाखवायचा आणि भीमा म्हणायचा, "पुन्यांदा वाचा ती." फादर रुमाव वसईकडं परत गेले, तिकडंच वारले असं कळलं.

शाळा चार वर्षं कुलपात होती. भीमा दर शनिवारी ओसरी झाडून यायचा. पगार नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सवय."

एकोणनव्वदच्या पावसाळ्यानंतर दगड विकले गेले. दगड न्यायला आलेली माणसं तीन दिवसांत भिंती पाडून गेली. पायाचे दगड उकरण्याइतका वेळ त्यांना नव्हता. भीमानं पहार घेतली आणि उगवतीच्या कोपऱ्यात उतरला. पाच दिवस एकटा तो दगड उपटत होता. वीरण्णाची बांधणी होती. एक दगड सहज सुटला नाही. सहाव्या दिवशी तळ मोकळा झाला. काळी माती, ओली, मऊ.

भीमानं पहार टाकली. ती लोण्यात जावी तशी गेली. दोन बिड्या ओढायला लागतात तेवढ्या वेळात त्यानं खालची माती काढली, आणि पहार थांबली. वाजली नाही. नुसती थांबली. त्यानं हातानं खरवडलं. पिवळा मुरूम. अंगठ्यानं चोळला. चिकटला नाही.

त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून माप घेतलं. एक हात. चार बोटं कमीच.

दिवाळीला पंचशीला आली. भीमानं खड्डा बुजवला नव्हता. तो तिला म्हणाला, "चल, एक दाखवायचंय." ती आली, मागं मागं. काठावर उभं राहून भीमानं सगळं सांगितलं. वीरण्णाचा गुडघा, ढेकूळ, कोरडं तोंड. फादरला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त सांगितलं, काही लपवलं नाही.

पंचशीला साडी खोचून खाली उतरली. त्या खड्ड्यात तळ बघायला भीमाशिवाय उतरलेलं पहिलं माणूस ती. तिनं पायाचे दगड जिथवर होते तिथं बोट ठेवलं, मुरूम लागतो तिथं कोपर टेकलं, आणि आपला हात लावून बघितला.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

ती तशीच वाकून राहिली, आपली दहावी गेली त्या हातभर मातीला हात लावून. मग वर न बघता म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी येते."

भीमा रस्त्यापर्यंत आला. लातूरची एसटी गेली, मुरुडची गेली. तो उभाच होता. खड्ड्याकडं जायला त्याचे पाय उचलत नव्हते आणि घराकडंही उचलत नव्हते. दिवस कलला तरी पंचशीला वर आली नव्हती.