शून्य मार्कांचं उत्तर

"अक्का गेली, सर," एवढंच बोलून शालन कांबळे मॅडमच्या धाकट्या भावानं फोन ठेवला. त्याला तीन आठवडे झाले. कोल्हापुरातल्या एकाच कॉलेजात आम्ही दोघांनी सोळा वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. तरी मला आठवत राहते ती नव्वदच्या दशकातली, बोर्डाचे पेपर तपासतानाची एक दुपार...

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात अंतराळवीर का तरंगतो, असा प्रश्न होता. नमुना उत्तर होतं, तिथं गुरुत्वाकर्षण शून्य असतं. एका मुलानं मात्र लिहिलं होतं, यान आणि माणूस दोघंही सारखे पृथ्वीकडं पडतच असतात, पण आडवा वेग एवढा असतो की जमीन कधी गाठली जात नाही. उत्तर बरोबर आहे, हे मला कळत होतं. नमुन्यात नाही म्हणून मी शून्य दिलं. मॅडम मॉडरेटर होत्या, आम्ही तपासलेले पेपर त्या पुन्हा बघायच्या. त्यांनी ते पान उघडून तपासणी केंद्राच्या प्रमुखांपुढं ठेवलं.

"मॅडम, गठ्ठे पाचला जायचेत. सही करा."

"नमुना उत्तरच चूक आहे. गुरुत्वाकर्षण नसतं तर यान सरळ निघून गेलं असतं. फिरलं कशाला असतं?"

"एवढा पुळका कशापायी? तुमच्यातलं पोरगं हाय काय?"

हॉलमधली पेनं थांबली. पेपरावर फक्त नंबर असतो, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मॅडम फळ्याकडं गेल्या. यानाच्या उंचीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश असतं, हे त्यांनी मांडून दाखवलं. मग माझ्याकडं वळल्या. "सर, तुम्ही सांगा. बरोबर की चूक?"

मी मान खाली घालून बेरजा तपासत राहिलो...

त्यांनी सही केली नाही. चार दिवसांनी वरून दुरुस्त उत्तर आलं, सगळे गठ्ठे पुन्हा सोडावे लागले. लोक चिडले ते त्यांच्यावरच. पुढच्या वर्षी त्यांना तपासणीचं बोलावणं आलं नाही. मला आलं. त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलत राहिल्या, तेच जास्त लागलं. माफी मागायची राहून गेली.

पुण्यानुमोदनाच्या विधीला कसबा बावड्यात त्यांच्या घरी गेलो, तेव्हा भाऊ म्हणाला, "अक्काची पोरं अजून शिकवणीला येऊन बसत्यात. काय सांगू त्यास्नी?"

रविवारी मी गेलो. त्यांच्या खोलीत पोरं सतरंजीवर दाटीनं बसली होती, खुर्ची मोकळी होती. मी उभाच राहिलो. यान पडतं कसं, ते सांगितलं. आणि हेच उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी शून्य दिलं होतं, तेही सांगितलं.

पुढं बसलेली एक मुलगी म्हणाली, "तुमास्नी येत नव्हतं व्हय, सर?"

"येत होतं," मी म्हणालो.