वॉल्टरच्या घराण्याचं काम

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. मित्रांजवळ नाही, मेहुण्याजवळही नाही. ज्या एका बाईंना ते सांगायला हवं होतं, त्या गेल्या महिन्यात नाशिकला वारल्या. आता सांगून कुणाला काही मिळणार नाही – म्हणून लिहितोय का? असेलही. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे जरा सोपं जातंय.

मी कुवेतमध्ये इंजिनिअर आहे. ऑफिस अहमदीला, घर फहाहीलला. ऑफिसात वॉल्टर नावाचा एक अमेरिकन सल्लागार होता, निवृत्तीला आलेला. एकदा जेवताना मी त्याला सांगितलं, की त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांकडे वंशावळी असतात; गाव आणि आडनाव सांगितलं की ते खापरपणजोबांपर्यंत नावं वाचून दाखवतात. तो खायचा थांबला. त्याला आजोबांच्या मागचं काहीच ठाऊक नव्हतं. घरात फक्त एवढंच म्हणायचे, आपण पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकर. "आमच्याकडे असे उपाध्याय नाहीत," तो म्हणाला. मी म्हटलं, मी होतो तुझा उपाध्याय.

मला असली कामं आवडतात. शैला – माझी बायको – म्हणायची, "जिवंत माणसाशी दोन वाक्यं बोलायचं यांच्या जिवावर येतं, मेलेल्यांशी मात्र तासन्‌तास गप्पा."

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सरकार आपल्या नोकरांच्या नावांची पुस्तकं छापायचं. जन्म कुठला, नेमणूक कुठे, पगार किती. ती आता घरबसल्या वाचता येतात. त्यात मला वॉल्टरचा खापरपणजोबा सापडला, ओहायोतल्या एका लहानशा गावाचा पोस्टमास्तर. तिकडे राष्ट्राध्यक्ष बदलला की गावोगावचे पोस्टमास्तरही बदलायचे. हाही असाच एका निवडणुकीनंतर पुस्तकातून नाहीसा झाला. पुढे त्याचा मुलगा वॉशिंग्टनला, जखमी सैनिकांना पेन्शन देणाऱ्या कचेरीत कारकून म्हणून उगवला. दुसरा मुलगा बंदरावर कस्टम्समध्ये चिकटला. मी हे संध्याकाळी शैलाला सांगायचो, ती भाजी निवडत ऐकायची. पोस्टमास्तराची नोकरी गेली तेव्हा तिला खरंच वाईट वाटलं होतं. "पाच पोरं पदरात, आता काय करेल हो तो?"

बघा – पोस्टमास्तराबद्दल मी किती सहज लिहितोय.

शैलाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. त्या हिवाळ्यात उपचार थांबले. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई सोलापूरच्या. त्यांनी तिच्यासमोरच, मराठीत, शांतपणे सांगितलं, की घरी जायचं असेल तर याच आठवड्यात जा, नंतर प्रवास झेपणार नाही. खाली येऊन आम्ही गाडीत बसलो. मी गाडी सुरू केली नव्हती. ती म्हणाली, "अहो, मला आईकडे न्या."

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, "वॉल्टर महिनाअखेर कायमचा परत चाललाय. त्याचं काम तेवढं हातावेगळं करतो. शब्द दिलाय ना त्याला. मग लगेच निघू."

तिनं सीटचा पट्टा लावला. "बरं," म्हणाली. "शब्द दिलाय म्हटल्यावर..."

वॉल्टरचं काम संपलेलं होतं. आधीच्याच आठवड्यात मी सगळं नीट बांधून त्याच्या हातात दिलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते. तो मला म्हणाला होता, आता रजा घे आणि बायकोजवळ बस.

रजा मी घेतली. आणि पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून राहिलो. कस्टम्समधल्या कारकुनाचे चुलते, त्या चुलत्यांचे मेहुणे – ज्यांच्याशी वॉल्टरचाही संबंध नव्हता अशी माणसं शोधत राहिलो. दार उघडं असायचं. ती अंथरुणावरून विचारायची, "आवरलं का पोस्टमास्तरांचं?" मी म्हणायचो, अजून एक भाऊ निघाला. "बाई गं! थांबायचं नावच नाही का त्यांचं?" आणि हसताना तिला कळ यायची. ती कळ मला ऐकू यायची. मी उठायचो का? कधी उठायचो. बरेचदा नाही.

का, असं तुम्ही विचाराल. फहाहीलच्या घरात ती आजारी होती. नाशिकला गेलो असतो तर तिच्या आईनं एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं असतं, आणि मग ती नुसती आजारी उरली नसती. मला ते बघायचं नव्हतं. मला. तिचं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

पुढे एका सहकाऱ्याची बायको भेटायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, वॉल्टर गेलाही, पण त्याच्या निरोपाचं जेवण छान झालं, तुम्ही दोघं हवे होतात. शैलानं माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाली, "अगं, तुझा चिवड्याचा डबा राहिलाय आमच्याकडे, जाताना आठवणीनं ने." माझ्याशी ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. मी त्या संध्याकाळी तिकिटांची चौकशी केली. तोवर तिला बसताही येत नव्हतं. विमान कंपनीनं नाही म्हटलं.

ती इथल्या हॉस्पिटलमध्येच गेली. तिला नाशिकला नेलं ते त्यानंतर. सगळी कागदपत्रं कंपनीच्या मंदूबनं, म्हणजे सरकारी कामं करून देणाऱ्या माणसानं, केली. "सर, आप बैठिए, मैं करेगा," तो म्हणत राहिला, आणि मी बसून राहिलो. विमानात मी वर होतो, ती खाली सामानात.

तिच्या आईनं एकच विचारलं, "श्रीकांतराव, आधी का नाही हो आणलंत तिला?"

खोली माणसांनी भरलेली होती. मी म्हणालो, "आई, तिलाच यायचं नव्हतं."

अगदी सहज निघालं तोंडातून. विचारही करावा लागला नाही. त्या म्हणाल्या, "हट्टीच होती लहानपणापासून," आणि पदर तोंडाला लावला.

नंतर दर सुट्टीत मी त्यांना भेटायला जायचो. कुणी आलं-गेलं की त्या सांगायच्या, "शेवटी तिला माझ्याकडे यावंसं वाटलं नाही." मी समोर चहा पीत बसलेला असायचो. मला आणखी साखर हवी का, असंही विचारायच्या. एकदा खोलीत आम्ही दोघंच होतो, बराच वेळ. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी त्यांच्या गुडघ्यांबद्दल विचारलं.

गेल्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला. आई गेली, म्हणाला. शेवटचे काही दिवस भ्रमात होती, सारखं एकच विचारायची – शैला माझ्यावर कशानं रागावली होती रे? मग त्यानं मला विचारलं, "दाजी, तुम्हाला काही बोलली होती का ताई? आईचं काही चुकलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही रे. मला कधी काही बोलली नाही."

शैला रागावली नव्हती. तिला आईकडे जायचं होतं. मी तिला नेलं नाही.