टेपबाईंनी घेतलेली फंडांची मापं

टेपबाईंच्या हृदयाचं काही खरं नाही, ही बातमी तळमजल्यावरच्या इस्त्रीवालीने आणली. एक पँट आखूड करायला टाकायला ती वर गेली होती, ती डोळे मोठे करूनच खाली आली. "टेबलावर चार कार्डिओग्राम पसरलेत गं! आणि बाई त्यांच्याकडे बघून नुसते सुस्कारे टाकतायत." बातमी चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत टेपबाईंच्या दोन रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या आणि तिसरीशी वाटाघाटी चालू होत्या. एका भल्या माणसाने त्यांच्या नवऱ्याला जिन्यातच गाठून "धीर सोडू नका" असं सांगूनही टाकलं. तो धापा टाकत घरी पळाला. बायकोचं काहीही असो, ते आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव.

बाई ठणठणीत होत्या. टेबलावर होते ते म्युच्युअल फंडांचे आलेख.

टेपबाई शिवणकाम करतात. गळ्यातली टेप त्या फक्त अंघोळीला उतरवतात म्हणे. खात्री करायला कोण जाणार? बावीस वर्षं लोकांच्या कमरा आत घेऊन आणि दर वर्षी पुन्हा बाहेर सोडून त्यांनी जे साठवलं, ते सगळं बँकेत झोपा काढत होतं. सुईत दोरा ओवायला आताच नवऱ्याला हाक मारावी लागते. अजून दहा वर्षांनी मशीन बंद पडणार, आणि पुढचं म्हातारपण त्याच पैशांवर काढायचं होतं. चुकून भलतीकडे गेले, तर दुसऱ्यांदा साठवायला ना वय होतं ना डोळे.

आणि त्या पैशांवर दिराचा डोळा. दीर फंड विकायचा. कोट बोटांपर्यंत लोंबणारा आणि तोही तयार विकत घेतलेला, घरात वहिनी शिवत असताना! तो राग वेगळाच. "वहिनी, हा एक नंबरचा फंड," म्हणत त्याने गुळगुळीत कागद ठेवला होता. बाईंनी बँकेत विचारून आणखी तीन फंडांचे कागद आणले, चारही टेबलावर मांडले आणि जे येत होतं ते केलं. टेप लावली.

दिराचा फंड भरला नऊ इंच. बाकीचे चार, साडेचार. एक तर जेमतेम तीन.

"झालं, भावजी खरं बोलतायत," बाई जरा नाराजीनेच म्हणाल्या. "चेक लिहा."

नवऱ्याने पेन शोधायला घेतलं. त्याला पेन सापडायला लागतो तेवढा वेळ बाईंच्या पथ्यावर पडला. टेप गुंडाळताना त्यांची नजर कागदाच्या तळाशी गेली. दिराच्या कागदावर तीन वर्षं होती, बाकीच्यांवर दहा. शिवाय त्याच्या आलेखाचं उभं माप शून्यापासून सुरूच होत नव्हतं.

"अहो, थांबा! एकाची पँट कमरेपासून मोजली आणि दुसऱ्याची गुडघ्यापासून!"

"कोणाची पँट?" नवरा टेबलाखालून म्हणाला.

मग तीन दिवस शिलाई बंद. इस्त्रीवालीची पँट लांबच राहिली. बाईंनी नवऱ्याला फोन घेऊन समोर बसवलं आणि प्रत्येक फंडाचा दहा वर्षांतला, दर वर्षीच्या एकाच तारखेचा भाव वाचायला लावला. प्रत्येकात पहिल्या दिवशी शंभर टाकले असं धरून, कापड बेतायच्या खाकी कागदावर चार रंगांच्या खडूंनी चार रेघा काढल्या. तेव्हा कुठे खरी उंची दिसली. एक नंबरचा फंड तिसरा आला. पहिला आला तो हिरव्या रेघेचा, निमूटपणे बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा, ज्याचं नावसुद्धा दिराने कधी काढलं नव्हतं. त्याचा वार्षिक खर्चही निम्म्याहून कमी. आणि दिराची ती तीन वर्षं? बाजार आपटून अगदी तळाला टेकला होता, नेमकी तिथून सुरू होत होती.

रविवारी दीर फॉर्म भरूनच आला. सहीच्या जागी फुली मारून ठेवली होती. खाकी कागद बघून तो हसला.

"हे काय, परकराचा बेत?"

"तुमच्या फंडाचा," बाई म्हणाल्या. "पैसे या हिरव्या रेघेत जाणार. तेही थोडे थोडे, दर महिन्याला."

दिराने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खिडकीकडे पाहिलं.

"अहो वहिनी, वीस वर्षं या धंद्यात आहे मी. तुम्ही पँटी आखूड करणाऱ्या, तुम्हाला यातलं काय कळणार?"

"बाजारातलं नाही कळत, भावजी. पण गिऱ्हाईक वाकलेलं असताना टेप लावायची आणि ते उभं राहिलं की 'बघा, किती वाढला' म्हणायचं, याला आमच्या धंद्यात लबाडी म्हणतात."